निवडणुकीच्या नोंदी किती दिवस ठेवायच्या, हे पत्राने ठरावं की कायद्याने?

सह्यवाट

२० डिसेंबर २०२४ ला केंद्र सरकारने निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला नियम ९३ बदलला. आधी त्यात निवडणुकीशी संबंधित इतर सर्व कागदपत्रं जनतेला पाहायला खुली होती. आता फक्त 'या नियमांत नमूद केलेली' खुली आहेत. मतदान केंद्रातलं सीसीटीव्ही चित्रण नियमांत कुठेच नमूद नाही, म्हणजे ते बंद. त्याच महिन्यात ९ तारखेला पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने हरियाणा विधानसभा निवडणुकीचं चित्रण आणि फॉर्म १७ सीच्या (केंद्रावर किती मतं पडली याच्या हिशेबाच्या) प्रती अर्जदार वकिलाला देण्याचा आदेश निवडणूक आयोगाला दिला होता. अकरा दिवसांत नियमच बदलला.

पुढे ३० मे २०२५ ला आयोगाने राज्यांच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना पत्र पाठवलं: निकालानंतर ४५ दिवसांत निवडणूक याचिका (निकालाला न्यायालयात दिलेलं आव्हान) आली नाही, तर चित्रण नष्ट करता येईल. त्याआधी टप्प्यानुसार तीन महिने ते एक वर्ष ठेवायची सूचना होती.

या दोन्ही गोष्टी बरोबर की चूक, यापेक्षा मला जास्त खुपतं ते हे की त्यांसाठी संसदेत एक मिनिटाचीही चर्चा लागली नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १६९ प्रमाणे हे नियम केंद्र सरकार करतं, आयोगाशी सल्लामसलत करून. म्हणजे निवडणुकीत स्वतः उतरणाऱ्या पक्षाचं सरकार निवडणुकीचा पुरावा किती खुला ठेवायचा ते ठरवतं. चित्रणाची मुदत तर नियमातही नाही, नुसत्या पत्रात आहे. कोणत्या नोंदी, किती काळ, कुणाच्या ताब्यात आणि कुणाला पाहता येतील, हे मूळ कायद्यातच लिहिलेलं हवं. किमान मुदत एक वर्ष. सरकार कोणत्याही पक्षाचं असो.

अनुस्वार

पूर्ण असहमत.

४५ दिवस हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. त्याच १९५१ च्या कायद्याच्या कलम ८१ प्रमाणे निवडणूक याचिका दाखल करायची मुदतच ४५ दिवसांची आहे. याचिका आली तर चित्रण तिचा निकाल लागेपर्यंत राहतंच. न आली तर ते कुणासाठी जपायचं? २०२४ च्या लोकसभेला साडेदहा लाखांच्या आसपास मतदान केंद्रं होती. निम्म्या केंद्रांत जरी कॅमेरा धरला, तरी दिवसभराचं चित्रण किती होईल याचा अंदाज करा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. कॅमेरा मत कुणाला दिलं ते दाखवत नाही, पण कोण आलं आणि कोण आलं नाही ते दाखवतो. लहान गावात तेवढं पुरतं. 'आमच्या वस्तीतले अमुक जण फिरकलेच नाहीत' हे उद्या एखाद्या पुढाऱ्याच्या हातात फोनवर असेल, तर त्या माणसांना पुढची पाच वर्षं त्याच गावात काढायची आहेत. आयोगाने हेच कारण दिलंय आणि ते मला पटतं. पारदर्शकतेच्या नावाखाली दुबळ्या मतदाराला उघडं पाडू नका.

शाळामास्तर

मी केंद्राध्यक्ष म्हणून काम केलंय, म्हणून आतून लिहितो.

सहा वाजता आवारात जेवढे लोक रांगेत असतील त्यांना मत द्यायचा हक्क असतो. त्यांना अनुक्रमांकाच्या, सहीच्या चिठ्ठ्या वाटायच्या, आणि त्या रांगेतल्या शेवटच्या माणसापासून सुरू करत पुढे यायचं, म्हणजे मागून कुणी नव्याने येऊन उभा राहू शकत नाही. शेवटचं मत पडलं की 'क्लोज' बटण दाबायचं, मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटवरचा एकूण आकडा १७ ए नोंदवहीशी (मत द्यायला आलेल्या मतदारांच्या नोंदीशी) ताडून पाहायचा, मग १७ सी भरायचा. त्यावर उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींच्या सह्या घ्यायच्या, त्यांना प्रत द्यायची. प्रत्यक्षात तोवर काही प्रतिनिधी निघून गेलेले असतात. थांबलेल्यांतले एकदोघे प्रत न बघताच खिशात घालतात.

आता कुणी म्हणालं की संध्याकाळी सहानंतर मतं वाढवली, तर माझ्याकडे काय आहे? चिठ्ठ्या आणि कॅमेरा. सहा वाजता रांग खरंच रस्त्यापर्यंत होती, हे ते चित्रणच सांगणार. ते पुसलं गेलं की माझ्या प्रामाणिकपणाचा एकमेव साक्षीदार गेला. म्हणून चित्रण जास्त दिवस ठेवा, असं मी केंद्राध्यक्ष म्हणून म्हणतो. ते आमच्याविरुद्ध आहे असं समजू नका.

अनुस्वार

मास्तर, तुमचा मुद्दा मोलाचा आहे, पण तुमच्यावर आरोप करणाऱ्याने ४५ दिवसांत न्यायालयात जायला नको का? तो चार महिन्यांनी पत्रकार परिषद घेणार आणि तुम्ही चित्रण जपून त्याची वाट बघणार, हे उलटं आहे. शिवाय चित्रण बाहेर गेलं की त्यातले दहा सेकंद कापून तुमचाच चेहरा राज्यभर फिरवला जाईल. तेव्हा कोण वाचवणार तुम्हाला?

सह्यवाट

४५ दिवसांच्या युक्तिवादातली अडचण सांगतो. कलम ८३ प्रमाणे याचिकेत महत्त्वाची तथ्यं थोडक्यात मांडावी लागतात. 'गडबड झाली असं वाटतं' एवढ्यावर याचिका टिकत नाही, पहिल्याच पायरीवर फेटाळली जाते. तथ्यं कुठून आणायची? नोंदी पाहून. नोंदी पाहायला अर्ज करा, नकार आला की न्यायालयात जा. तोवर दीड महिना संपलेला असतो. बैल गेल्यावर झोपा करायची वेळ कायदाच आणतो. म्हणून नोंदींची मुदत याचिकेच्या मुदतीपेक्षा बरीच मोठी हवी.

नोंदी टिकल्या तर काय होतं ते बघा. पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावात नोव्हेंबर २०२२ मध्ये सरपंचपदाची निवडणूक झाली. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, ईव्हीएम दिल्लीत मागवली गेली, न्यायालयाच्या आवारात मोजणी झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हरलेला उमेदवार ५१ मतांनी विजयी ठरला. जवळजवळ तीन वर्षांनी! पंचायतीचे नियम वेगळे आहेत हे मान्य, पण यंत्रं शाबूत होती म्हणून न्याय झाला.

अनुस्वार

हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. उमेदवार न्यायालयात गेला, यंत्रं राखली गेली, निकाल फिरला. व्यवस्था चालली. आणि तिथे यंत्र कामी आलं, कॅमेरा नाही.

वेलांटी

कॅमेराही कामी आलाय. चंदिगडचं महापौरपद, ३० जानेवारी २०२४. पीठासीन अधिकाऱ्याने आठ मतपत्रिकांवर स्वतःच खुणा करून त्या बाद केल्या. कॅमेऱ्यात ते दिसलं, आणि २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. चित्रण नसतं तर आठ बाद मतपत्रिका आणि अधिकाऱ्याचा शब्द, एवढंच उरलं असतं.

पण मला दुसऱ्या अंगाबद्दल बोलायचंय, ज्याकडे या चर्चेत कुणी वळलेलं नाही: शिक्षा आणि संरक्षण. निवडणूक कामातल्या कर्तव्यात कसूर केली तर त्याच १९५१ च्या कायद्याच्या कलम १३४ खाली दंड किती? जास्तीत जास्त ५०० रुपये. मतपत्रिकेशी छेडछाड करणाऱ्या, निवडणुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्याला कलम १३६ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण नोंद वेळेआधी नष्ट करणं किंवा मागूनही दडवणं यासाठी तसं रोखठोक कलम मला दिसत नाही.

उलट बाजूने, प्रामाणिक अधिकाऱ्याला काय आहे? कलम २८ए प्रमाणे अधिसूचनेपासून निकालापर्यंत तो आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर मानला जातो. निकाल लागला की पुन्हा त्याच राज्य सरकारच्या हाताखाली. ज्या मंत्र्याच्या माणसाला मतदान केंद्रातून बाहेर काढलं, त्याच्याच खात्यात बदलीची फाइल जाते. आयुक्तांच्या नेमणुकीच्या २०२३ च्या कायद्याने निवडणूक आयुक्तांना पदावर असताना केलेल्या कामासाठी दिवाणी-फौजदारी खटल्यांपासून संरक्षण दिलं. तालुक्याच्या तहसीलदाराला सहा महिने बदलीपासून संरक्षण द्यायला काय हरकत आहे? हस्तक्षेप वरून होतो तसा खालीही होतो, आणि खालचा कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

शाळामास्तर

हे अगदी खरं आहे. आम्हाला कॅमेऱ्याची भीती कधीच वाटली नाही. निकालानंतरच्या फोनची वाटते.

अनुस्वार

वेलांटी, बदलीपासून संरक्षणाला माझा पूर्ण पाठिंबा. ५०० रुपयांचा दंड तर लाजिरवाणा आहे. नोंद दडवणाऱ्याला कैद हवी, हेही मान्य.

पण चित्रण सर्वांना खुलं करायला माझा विरोध कायम आहे. फार तर उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात बसून पाहावं. प्रत नाही, मोबाइल आत नाही, आणि कोणी काय पाहिलं त्याची नोंद.

सह्यवाट

मतदाराच्या भीतीचा तुमचा मुद्दा मी हलका मानत नाही, म्हणून कार्यालयात बसून पाहणं मला चालेल. पण फक्त उमेदवार नको. त्या मतदारसंघातल्या कोणत्याही मतदाराला स्वतःच्या केंद्राचं चित्रण, कारण लिहून दिल्यावर, पाहता यायला हवं. निवडणूक उमेदवारांची खासगी बाब नाही, कलम ८१ सुद्धा मतदाराला याचिकेचा हक्क देतं. आणि १७ सी मध्ये कुणाचा चेहरा नसतो, नुसते आकडे असतात. तो मतदानाच्या रात्रीच केंद्रनिहाय संकेतस्थळावर टाकायला तुमची काय हरकत?

अनुस्वार

१७ सी ला हरकत नाही. टाका. मतदाराने चित्रण पाहण्याला मात्र आहे. गावातला पुढारी स्वतःही त्या केंद्राचा मतदारच असतो.