जेलचं इम्प्लांट: चुंबक जास्त फिरला तर डोस जास्त जाणार का?

फार्मसीवाली: सेमिनारला कोलंबिया विद्यापीठातल्या सॅम्युअल सिया यांच्या गटाचं २०१७ चं काम घेतलंय. हायड्रोजेलचे, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ जेलचे, थर एकावर एक चढवून शरीरात बसवायचं, औषध सोडणारं इवलंसं यंत्र केलं. बॅटरी नाही, वायर नाही. एका भागात आयर्न ऑक्साइडचे कण, त्यामुळे बाहेरून चुंबक फिरवला की तो भाग फिरतो. सर नक्की विचारणार, हात हलला तर डोस चुकणार नाही का? लेखात 'जिनिव्हा ड्राइव्ह' म्हटलंय, ते डोक्यावरून गेलं.

केबिनवाले काका: अगं, थिएटरात ऑपरेटर होतो, त्यामुळे हे लोखंडातलं पाहिलंय. ३५ मिमी प्रोजेक्टरमध्ये हाच जिनिव्हा ड्राइव्ह, त्यात चार खाचांचं चाक, त्याला आम्ही क्रॉस म्हणायचो. शेजारी दुसरं चाक सतत फिरतं, त्याला पिन. पिन क्रॉसच्या खाचेत शिरते, त्याला पाव फेरा ढकलते आणि बाहेर पडते. मग पिनच्या चाकाचा गोल काठ क्रॉसला अडवून धरतो, तो जागचा हलत नाही. तेवढ्यात पडद्यावर चित्र. सेकंदाला २४ वेळा!

तुझ्या यंत्रात चित्राच्या जागी औषधाचा कप्पा. भोकासमोर आला की औषध सुटतं. चुंबक थोडा पुढे गेला तरी पिन खाचेत नसेल तर पुढचा कप्पा येणार कसा? पण दोन पूर्ण फेरे मारलेस तर दोन डोस गेलेच म्हणून समज. आणि आमचा क्रॉस तेलात बुडालेला असायचा तरी झिजायचा, मग चित्र पडद्यावर उड्या मारायचं. जेलच्या खाचा किती टिकतात ते बघ.

वॉर्डातली सिस्टर: औषध कोणतं?

फार्मसीवाली: डॉक्सोरुबिसिन. उंदरांमधला हाडाचा कॅन्सर, १० दिवसांत टप्प्याटप्प्यानं. नेहमीच्या केमोच्या एक दशांश डोसमध्ये चांगला गुण आला, विषारी परिणामही कमी.

वॉर्डातली सिस्टर: ते लाल औषध! शिरेबाहेर गळलं तर आजूबाजूचं मांस जळतं, आम्ही डोळ्यांत तेल घालून बसतो. हृदयाला धोका म्हणून आयुष्यभराच्या एकूण डोसलाही मर्यादा, त्यामुळे एक दशांश ऐकून बरं वाटलं. पण हाडाचा हा कॅन्सर फुप्फुसात पसरतो. तिथे गेलेल्या पेशींपर्यंत मांडीतलं यंत्र कसं पोचणार? म्हणजे शिरेतली केमो सुटत नाहीच. आणि चुंबकानं फिरणारं यंत्र अंगात असताना पेशंटचा एमआरआय कसा काढायचा, हेही सरांना विचार.