सातवा महिना चालू आहे, मालिश करून घेऊ की नको?

अबोली_फोंडा
नमस्कार सगळ्यांना, पहिलंच बाळंतपण आहे, २९वा आठवडा. फोंड्याहून पणजीला ऑफिस, रोजचा कदंब बसचा प्रवास, संध्याकाळी घरी आले की कंबर धरूनच बसते आणि रात्री पोटऱ्यांत असे गोळे येतात की झोपेतून ओरडत उठते. सासूबाई म्हणतात गावातल्या वैजिणीला (सुईणीला) बोलवूया, तिच्या हाताला गुण आहे, कोमट खोबरेल लावून पाठ-पाय चोळते आणि पोटही चोळते, बाळ आडवं असेल तर सरळ करून देते म्हणे. (माझं बाळ मागच्या सोनोग्राफीत आडवंच होतं.) आई म्हणते मालिश बाळंत झाल्यावर, आधी अंगाला कुणाला हात लावू देऊ नकोस. आणि नवरा कळंगुटच्या एका स्पामध्ये चौकशी करून आलाय. तिघांनाही माझी काळजी आहे म्हणून कुणाला नाही म्हणवत नाही. बीपी शुगर नॉर्मल आहे, वार (प्लॅसेंटा) वर आहे असं डॉक्टर म्हणाल्या. कुणी करून घेतलंय का?

फिजिओ_म्हापसा
अबोली, मी फिजिओथेरपिस्ट आहे, गरोदर बायका माझ्याकडे रोज येतात. तुझं बीपी ठीक, वार वर, रक्तस्राव नाही, तर पाठ, कंबर, खांदे, हात, तळपाय यांना हलक्या हाताने मालिश करून घ्यायला सहसा हरकत नसते, तरी तुझ्या डॉक्टरांना एकदा विचारच कारण तुझी फाइल त्यांनी पाहिलीय, मी नाही. फायदा खरा आहे, कंबर मोकळी होते, झोप लागते, मन शांत होतं, पण तो तात्पुरता असतो, दुखणं मुळापासून जात नाही हे धरून चाल.

झोपायचं कसं ते महत्त्वाचं. उताणं नको, या महिन्यांत गर्भाशयाचा भार पाठीमागच्या मोठ्या शिरेवर पडतो, बीपी उतरून चक्कर येते. पालथं तर नकोच, काही स्पामध्ये पोटासाठी भोक असलेलं टेबल असतं त्यावरही नको, पोट खाली लोंबकळून स्नायूंना ताण पडतो. डाव्या कुशीवर झोप, एक उशी गुडघ्यांच्या मध्ये आणि एक पोटाखाली. स्पाला गेलीस तर स्टीम आणि जकुझीला स्पष्ट नाही म्हण, आणि सुगंधी तेलांऐवजी साधं खोबरेल लावायला सांग.

पण पोट चोळून बाळ फिरवणं अजिबात नाही. २९व्या आठवड्यात कितीतरी बाळं आडवी किंवा पायाळू असतात आणि ३६व्यापर्यंत बहुतेक आपणच डोकं खाली करतात. नाहीच केलं तर पोटावरून बाळ फिरवण्याची पद्धत डॉक्टरांकडेही आहे, पण ती ३६-३७ आठवड्यांनंतर, हॉस्पिटलात, बाळाचे ठोके बघत आणि लागलं तर लगेच सिझेरियन करता येईल अशा तयारीने. घरात जोर लावला आणि वार सुटली तर बाळ आणि आई दोघांच्या जिवावर बेततं.

सुरंगी
माझी आजी स्वतः वैजीण होती डिचोलीकडे. ती पाय-पाठ चोळायची पण गरोदर बाईच्या पोटाला फक्त तेल लावायची, दाबायची नाही. त्यामुळे जुन्या बायका सगळ्याच पोट चोळायच्या असं काही नाही.

साखळीची_वहिनी
अबोली, पोटऱ्यांचं लिहिलंस म्हणून खास लॉगिन केलं. मला दुसऱ्या वेळी ३१व्या आठवड्यात डावी पोटरी दुखायला लागली, मला वाटलं नेहमीचा गोळा. जाऊबाई तेलाची वाटी घेऊन बसल्या आणि पहिलाच हात लावून थांबल्या, म्हणाल्या हा पाय तापलाय गो. दोन्ही पाय शेजारी ठेवून बघितले तर डावा चांगलाच जाड, कातडी ताणलेली, लालसर. चोळलं नाही, तशीच बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात गेले, डॉप्लर (शिरेतलं रक्त वाहतं का ते बघायची सोनोग्राफी) केला तर शिरेत रक्ताची गाठ. गरोदरपणात रक्त लवकर गोठतं, अशा वेळी पोटरी चोळली तर गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते हे मला तिथे कळलं. मग बाळंतपणापर्यंत रक्त गोठू नये म्हणून रोज पोटाच्या कातडीत इंजेक्शन आणि नंतरही सहा आठवडे. मुलगी आता चार वर्षांची आहे. दोन्ही पाय सारखेच सुजले तर ते बहुतेक जणींना होतं, पण एकच पाय सुजला, गरम लागला, चालताना दुखला तर तेलाची बाटली बाजूला ठेव आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

फिजिओ_म्हापसा
वहिनींनी लाखमोलाचं सांगितलं. म्हणूनच आम्ही गरोदर बाईच्या पोटरीत खोल दाब देत नाही, वरवर हात फिरवतो. रात्री गोळा आला तर चोळत बसू नकोस, पाय सरळ करून चवडा आपल्याकडे ओढ, सुटतो. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणून घे. आणि अचानक तोंड-हात सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकलं तर मालिशचा विचारच सोड, आधी बीपी तपास.

अबोली_फोंडा
सगळ्यांचे खूप आभार. वहिनी, तुमचं वाचून आधी दोन्ही पाय दिव्याखाली शेजारी ठेवून बघितले, सारखेच आहेत आणि गरमही नाहीत. डॉक्टरांना फोन केला, पाठ आणि तळपायांना हो म्हणाल्या, पोटाला नाही. सासूबाईंना सुरंगीताईंच्या आजीचं वाचून दाखवलं, त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या मग मीच लावते तेल, बाहेरची कशाला. काल कुशीवर झोपवून अर्धा तास त्यांनी पाठीला हात फिरवला, बाळ आत मस्त लाथा मारत होतं, त्यांना हात ठेवून दाखवलं. ३४व्या आठवड्यात सोनोग्राफी आहे, बाळ कसं आहे ते इथे येऊन सांगते.