बाबा समोरच्याची नक्कल करतात, इंदूरमध्ये कोणाला दाखवावं?

रामबागवाली:
नमस्कार मंडळी. चार महिन्यांपूर्वी बाबांना (वय ७१) स्ट्रोक झाला, मेंदूच्या पुढच्या भागात. चालणं-बोलणं बऱ्यापैकी परत आलंय, पण समोरचा जे करेल तेच हे करतात. परवा आत्या आली. तिनं पदर सावरला, यांनी खांद्यावरचा पंचा सावरला. तिनं नाक पुसलं, यांनीही पुसलं. "दादा माझी टर उडवतोय" म्हणून पोहे तसेच टाकून ती निघून गेली. "बाबा, नका करू" म्हटलं की "बरं" म्हणतात, मिनिटभरानं पुन्हा सुरू. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे. कुठे जावं?

लोकमान्यनगर:
वयाचं नाही हो, आणि टर तर मुळीच नाही. समोरची हालचाल पाहिली की तीच करायची ऊर्मी दाबून ठेवायचं काम कपाळामागचा भाग करतो. तिथं इजा झाली की ब्रेक सुटतो. लेर्मित नावाच्या फ्रेंच न्यूरॉलॉजिस्टनं १९८० च्या दशकात असे रुग्ण नोंदवले होते. कोणी सांगितलेलं नसताना ते डॉक्टरांची नक्कल करत. विचारलं तर म्हणत, करायलाच हवं असं वाटलं. काहीजण समोर दिसेल ती वस्तूही वापरायला घेत, डोळ्यांवर चष्मा असताना वर दुसरा चढवत. तुमच्याकडे तसं होतं का बघा. होत असेल तर सुरी, कात्री, गॅसचा लायटर आजच नजरेआड करा.

दाखवायचं न्यूरॉलॉजिस्टलाच. एमवाय हॉस्पिटलजवळच्या सरकारी सुपर स्पेशालिटीत तो विभाग आहे. जाताना मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या, पाच मिनिटांच्या ओपीडीत सांगून कळत नाही. "मी टेबल एकदा वाजवलं की तुम्ही दोनदा वाजवा" अशी एक साधी चाचणी घेतात, त्यात हे लगेच दिसतं. बोललेलं तसंच परत बोलतात का, तेही सांगा.

छप्पनचा भिया:
आमच्या काकूंचं असंच होतं. खास यावरची गोळी आम्हाला कोणी दिली नाही, युक्त्याच कामी आल्या. त्यांच्या समोर नाही, बाजूला बसायचं. हात रिकामे ठेवायचे नाहीत, मटार सोलायला द्यायचे. आणि जेवायला त्या टाळाटाळ करत, तेव्हा मी मुद्दाम समोर बसून घास घ्यायचो. त्याही घ्यायच्या! गोळीही तशीच, मी पाण्याचा घोट घेतला की त्याही घेत. माझं वजन तेवढं वाढलं.

रामबागवाली:
आभार. काल संध्याकाळी आईचा चष्मा टेबलावर होता, बाबांनी आपल्या चष्म्यावर तोही चढवला. लायटर माळ्यावर टाकलाय, सोमवारी ओपीडी. आत्याला फोन करून सगळं समजावलं. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "रविवारी येते. पण मग पदर सावरू की नको?"