मेलन-ए निगेटिव्ह असले तरी मेलानोमा असू शकतो
एका रुग्णाच्या जांघेतील गाठीत मेलन-ए ही चाचणी निगेटिव्ह आल्यामुळे मेलानोमाची (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाची) शक्यता संपली, असे एका चर्चेत म्हटले गेले; ते मला पटत नाही. मेलन-ए आणि एचएमबी-४५ या चाचण्या रंगद्रव्य बनवणाऱ्या यंत्रणेतील प्रथिने शोधतात आणि पसरलेल्या कर्करोगातील काही पेशी ही यंत्रणाच बंद करून टाकतात. एस१०० आणि सॉक्स१० ही अशाच चाचण्यांत शोधली जाणारी दुसरी प्रथिने त्या मानाने अधिक टिकून राहतात, मात्र दोन्ही मज्जातंतूंच्या गाठींतही दिसत असल्याने एकट्यादुकट्या मार्करवर (पेशींची ओळख पटवणाऱ्या प्रथिनावर) निदान ठरत नाही.

ठाण्यातील ज्या लॅबमध्ये मी स्लाइड रंगवण्याचे काम करतो, तेथे तळपायावरचे कुरूप समजून बराच काळ दुर्लक्षित राहिलेल्या गाठीचा एक रुग्ण आला होता. त्याच्या लसीका ग्रंथीच्या एकाच स्लाइडवर मेलन-एचा अर्धा भाग गडद तपकिरी आणि उरलेला जवळजवळ कोरा होता, सॉक्स१० मात्र सर्वत्र उमटले होते. सुईने घेतलेला बारीकसा तुकडा त्या कोऱ्या भागातून आला असता, तर अहवाल वेगळाच गेला असता. २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात १९ रुग्णांच्या गाठींतील ४,६४५ पेशी एकेक करून तपासल्या गेल्या (तेथे प्रथिने नव्हे, आरएनए, म्हणजे चालू जनुकांच्या प्रती, मोजला होता), तेव्हा एमआयटीएफ (रंगद्रव्याची यंत्रणा चालू ठेवणारे जनुक) भरपूर असलेल्या गाठींतही एमआयटीएफ कमी आणि एएक्सएल हे दुसरे जनुक जास्त असलेल्या पेशी आढळल्या. बीआरएएफ (मेलानोमात अनेकदा बिघडलेले आढळणारे प्रथिन) रोखणाऱ्या औषधांना दाद न देण्याशी संबंध जोडला जातो तो याच पेशींचा.