पीएचडी चालू असताना विणकाम कसं सांभाळता?

भुसावळची_लोकर

नमस्कार मंडळी. मी जळगावला आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात केमिस्ट्रीत पीएचडी करतेय, कोर्सवर्क झालं, आता लॅबचं काम जोरात चालू आहे. राहते भुसावळला, रोज अपडाऊन. सकाळच्या गाडीने जळगाव, तिथून पुढे बांभोरीकडे विद्यापीठ, आणि संध्याकाळी परत तेच.

विणकाम मला आजीने शिकवलं, शाळेत असल्यापासून हातात सुया आहेत आणि खरं सांगू तर दिवसभरात डोकं शांत होण्याची माझी तेवढीच एक जागा आहे. आता प्रश्न असा की बाबा रेल्वेत आहेत, रात्रपाळी असते, आणि डिसेंबर-जानेवारीत यार्डात रात्री काय गारठा असतो ते भुसावळवाल्यांना सांगायला नको (बाकी महाराष्ट्राला वाटतं खानदेश म्हणजे फक्त पंचेचाळीस डिग्री). तर त्यांच्यासाठी पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणायला घेतलाय, पुढे-मागे वेण्यांची डिझाईन, गडद निळी लोकर. मागच्या भागाची बॉर्डर झालीये आणि थोडी वर गेलेय बस. आणि दिवाळीच्या आसपास माझं आरएसीचं (पीएचडीची प्रगती तपासणाऱ्या संशोधन सल्लागार समितीसमोरचं) प्रेझेंटेशन आहे, त्याआधी दोन कंपाउंडचा डाटा पूर्ण हवाय.

रात्री घरी आल्यावर सुया हातात घेतल्या की पेपर वाचायचे राहिलेत ही टोचणी लागते, आणि पेपर वाचायला बसले की स्वेटर दिसतो. परवा लॅबमधल्या एका सीनियरने विचारलं की तुला एवढा वेळ मिळतो कसा, तेव्हापासून जास्तच मनाला लागलंय. वर उजव्या हाताचा अंगठा दुखतो, दिवसभर मायक्रोपिपेट (अंगठ्याने दाबून थेंबभर द्रव मोजून घ्यायचं साधन) आणि संध्याकाळी सुई.

तुम्ही कोणी एमए, एमएस्सी, पीएचडी करताना विणकाम चालू ठेवलंय का? थांबवावं का डिग्री होईपर्यंत? स्वेटर यंदा होईल का? मनापासून सांगा.

अमळनेरकर_सु

थांबवू नकोस. हे आधी सांगून टाकते मग बाकीचं.

मी समाजशास्त्रात पीएचडी करतेय, थिसिस लिहिण्याच्या टप्प्यावर आहे, आणि माझा अनुभव असा की वेळ किती आहे यापेक्षा कुठला वेळ कुठल्या विणकामाला द्यायचा हे ठरवलं की अर्धं भांडण मिटतं. वेण्या म्हणजे मोजणी आली, कुठल्या ओळीला वळवायची, पुढे घ्यायची का मागे, त्याला डोकं लागतं. आणि ते डोकं तू दिवसभर लॅबमध्ये खर्च करून आलेली असतेस, म्हणून रात्री ते काम जड होतं आणि तुला वाटतं की विणकामच जड झालंय. मी दोन पिशव्या ठेवते. एकीत सगळ्या ओळी सुलट असलेला मफलर, काही बघायचं नाही, मोजायचं नाही, मुलाखतींचे रेकॉर्डिंग परत परत ऐकताना किंवा स्वयमवरचं (सरकारी ऑनलाइन कोर्सची साइट) लेक्चर चालू असताना हात आपोआप चालतात. दुसरीत जाळीची वीण, ती फक्त रविवारी सकाळी, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून.

पण वाचताना विणायचं नाही हं. ऐकताना जमतं, पेपर वाचताना आणि लिहिताना अजिबात जमत नाही, दोन्हीकडे उसवाउसवी होते. आणि लिहिण्याचा जो तुझा चांगला वेळ असेल, माझा पहाटेचा आहे, तो सुयांना द्यायचा नाही. तो थिसिसचा. बाकीचा वेळ कोणाला द्यायचा ते सीनियर कशाला ठरवतील गं, लोक दोन दोन तास रील्स बघतात तेव्हा कोणी विचारत नाही.

पाचकंदील_धुळे

बेटा, मी निवृत्त शिक्षिका आहे, धुळ्यात राहते, आयुष्यभर विणलंय, शाळेच्या स्टाफरूममध्ये सुद्धा. काळजी नको करू माय, समदं बरं हुई.

आता कामाचं बोलते. पूर्ण बाह्यांचा, दोन्हीकडून वेण्यांचा, पुरुषाच्या मापाचा स्वेटर हे फार मोठं काम आहे, वेण्यांमुळे अंग आवळतं म्हणून टाके जास्त लागतात आणि लोकरही जास्त खाते. यंदा बाबांना बिनबाह्यांचा कर. यार्डात काम करणाऱ्या माणसाला वरून रेल्वेचं जाड जॅकेट घालायचंच असतं, आत बाह्या कोंबल्या की हात हलत नाही. छाती-पाठ उबदार पाहिजे आणि हात मोकळे. पुढच्या भागाला मधोमध एकच वेणी घे, पाठ साधी ठेव, सुलट ओळ उलट ओळ. बॉर्डर झालीच आहे ना, ती वाया जात नाही, वेण्या जिथे सुरू केल्या असतील तिथपर्यंतच उसव.

हिशोब सांगते. तुझी लोकर मध्यम जाडीची असेल आणि आठ नंबरच्या सुईवर (म्हणजे ४ मिमी) विणत असशील तर साधारण १० सेंमीला २२ टाके आणि २८ ओळी बसतात. आधी चौकोन विणून, धुऊन, वाळवून मोज, प्रत्येकीचा हात वेगळा असतो. बाबांची छाती १०० सेंमी धरली आणि आत शर्ट म्हणून १० सेंमी सैल ठेवलं तर एका बाजूला ५५ सेंमी, म्हणजे १२१ टाके. विषम आकडा आहे ते बरंच, एक सुलट एक उलट बॉर्डर दोन्ही टोकांना सारखी संपते. बॉर्डरला दहा नंबर घे, ३.२५ मिमीची, म्हणजे घट्ट बसेल. आपल्याकडच्या जुन्या सुयांना नंबर वाढला की सुई बारीक होते, नव्या पोरी तिथे गोंधळतात म्हणून सांगितलं.

उंची ६५ सेंमी धर, म्हणजे १८२ ओळी. तुझ्यासारख्या सवयीच्या हाताला १२१ टाक्यांची साधी ओळ चार-पाच मिनिटांत होते. भुसावळ-जळगाव अर्धा तास गाडी, जागा मिळाली तर जाताना सहा आणि येताना सहा ओळी. म्हणजे नुसत्या गाडीत पाठ दोन-अडीच आठवड्यांत उतरते की नाही ते तूच बघ.

कॉलम_चालू_आहे

काय भो मस्त हिशोब केला मावशींनी!

मी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत पीएचडी केली, आता एका कॉलेजात शिकवतो. मी स्वतः विणत नाही, बायको क्रोशाचं करते, पण तुझ्या लॅबबद्दल बोलायचा मला हक्क आहे म्हणून लिहितोय. रिफ्लक्स लावला (मिश्रण तासन्तास उकळत ठेवलं) की सहा-सहा तास वाट बघायची असते, तेव्हा मोह होतो की पिशवी काढावी आणि दोन ओळी टाकाव्यात. लॅबमध्ये नको, प्लीज. लोकर सगळं धरून ठेवते, सॉल्व्हंटचा वास, सिलिका जेलची बारीक पूड, टेबलावर सांडलेलं काहीही, आणि ती वस्तू पुढे तुझे बाबा अंगात घालणार आहेत. बॅग लॅबच्या बाहेर लॉकरमध्ये, विणायचं ते कँटीनमध्ये किंवा झाडाखाली, हात साबणाने धुऊन.

दुसरं, स्वतःसाठी अॅक्रिलिकचा स्वेटर विणला असशील तर तो घालून बर्नर किंवा हॉटप्लेटजवळ उभी राहू नको. अॅक्रिलिक आगीत वितळतं आणि कातडीला चिकटतं. खरी मेंढीची लोकर पटकन पेट घेत नाही, जळाली तरी काळी पडून राख होते. सुती पटकन पेटतं पण वितळून चिकटत नाही. हिवाळ्यात आमच्या लॅबमध्ये निम्मे लोक स्वेटरवर अॅप्रनची बटणं उघडी टाकून फिरायचे, मला अजून आठवलं की धस्स होतं. अॅप्रन सुती आणि बटणं लावलेली, बस.

आणि पीएचडीच्या मुदतीचं टेन्शन असेल तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६ आहेत, महिलांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत मिळू शकते. स्वेटरने कोणाची पीएचडी लांबत नाही. लांबते ती प्रयोगाची नोंद त्याच दिवशी न केल्याने आणि स्पेक्ट्रासाठी (कंपाउंड ओळखायच्या मशीनवरच्या तपासणीसाठी) सॅम्पल वेळेवर न पाठवल्याने. रोज निघायच्या आधी लॅब नोटबुक पूर्ण कर, मग गाडीत बिनधास्त विण, टोचणी लागणारच नाही बघ.

सातपुडा_वारा

मी जरा वेगळं सांगते, राग मानू नको.

वरचे सगळे चालू ठेव म्हणतायत, पण मी एमएस्सी अॅग्रीच्या शेवटच्या सेमिस्टरला विणकाम सरळ ट्रंकेत ठेवून दिलं होतं आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. शेतातल्या प्लॉटच्या नोंदी, त्यानंतर आकडेवारी, त्यानंतर टायपिंग, त्या काळात हातात सुया घेतल्या की मला आराम नाही तर अजून एक पूर्ण करायचं काम वाटायचं. छंदाला डेडलाईन लागली की तो छंद राहत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. तुझ्या बाबतीत पण बघ, त्रास विणकामाचा आहे की डिसेंबरच्या आत झालंच पाहिजे याचा आहे? बाबांना यंदा बाजारातलं चांगलं थर्मल घेऊन दे, आणि स्वेटर होईल तेव्हा होईल. थंडी पुढच्या वर्षीही पडणार आहे.

अंगठ्याचं मात्र हलक्यात घेऊ नको. पिपेटचं बटण दाबताना तोच अंगठा, कीबोर्डवर तोच हात आणि सुईवर पण तोच. वीस मिनिटांनी थांबायचं, बोटं पूर्ण उघडायची-मिटायची. आणि लांब सरळ सुयांऐवजी केबलची गोल सुई (दोन छोट्या सुया मधे लवचिक केबलने जोडलेल्या) वापर, मागेपुढे साधंच विणायचं पण सगळं वजन मांडीवर राहतं, मनगटावर येत नाही, गाडीत शेजारच्याला कोपरही लागत नाही. रात्री बोटं बधिर होऊन जाग येत असेल तर डॉक्टरकडे जा, बाम लावत बसू नको.

अमळनेरकर_सु

@सातपुडा_वारा, डेडलाईनचं पटलं, पण सगळ्यांचं तसं होत नाही. माझ्या थिसिसचा एक चॅप्टर चार-चार वेळा परत येतो, महिनोन्महिने काही पूर्ण झाल्यासारखं वाटतच नाही. तिथे संध्याकाळी दोन इंच मफलर वाढलेला डोळ्यांनी दिसतो, हाताने मोजता येतो, त्याने मला दुसऱ्या दिवशी परत लिहायला बसायचं बळ येतं. ज्या दिवशी हे बळ यायचं बंद होईल त्या दिवशी मी पण ट्रंकेत ठेवीन.

भुसावळची_लोकर

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, दोनदा वाचलं, एकदा आईलाही वाचून दाखवलं.

ठरवलंय ते सांगते. बिनबाह्यांचाच करणार. पाठ साधी, ती फक्त गाडीत. पुढची वेणी रविवारी घरी, आणि प्रेझेंटेशनच्या आधीचे दोन आठवडे वेणीला हातच लावणार नाही, गाडीतली पाठ तेवढी चालू. डिसेंबरचं मी मनातून काढून टाकलं. बाबांना रात्री सांगितलं तर ते म्हणे तू शिक आधी, मला आहे जुना. लॅब नोटबुकचं आजपासूनच सुरू केलं, आणि खरंच गाडीत बसल्यावर डोकं मोकळं होतं. सीनियरचं बोलणं पण आता तेवढं टोचत नाही.

गोल सुई भुसावळला दुकानात विचारली तर लांब केबलवाली नाही म्हणाले. जळगावला कुठे मिळेल? आणि मावशी, उन्हाळ्यात काय विणता तुम्ही? मे महिन्यात लोकर हाताला चिकटते, घाम येतो, तेव्हा माझं सगळं बंद पडतं.

पाचकंदील_धुळे

उन्हाळ्यात सुती दोरा बेटा. आपण कापसाच्या मुलखातले, आपण मे महिन्यात लोकर का धरायची? बाळाचं टोपरं, कुंची, रुमाल, पाण्याच्या बाटलीची पिशवी, छोटं छोटं करायचं. फक्त सुताला लोकरीसारखी ओढ नसते, बॉर्डर ढिली पडते, म्हणून एक नंबर बारीक सुई घ्यायची, आणि मोठा कपडा सुतात केला तर स्वतःच्या वजनाने लांबतो म्हणून उंची जरा कमीच ठेवायची.

कॉलम_चालू_आहे

सुईसाठी जळगावला फुले मार्केटमध्ये विचारून बघ, बायको म्हणते शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात विचारायचं, लोकरीच्याच दुकानात असतं असं नाही. ८० सेंमीची माग, १२१ टाके तिच्यावर आरामात बसतात.

पाचकंदील_धुळे

आणि हो, काखेचं माप अंगावर घेऊ नको, बाबांना रात्रपाळीवरून आल्यावर उभं करून ठेवू नको. म्हणताहेत ना जुना स्वेटर आहे, तो जमिनीवर सपाट पसर, हाताने सारखा कर आणि खालच्या बॉर्डरपासून काखेपर्यंत टेपने मोज. तो अंगावर बसलेला आहे, त्याचं माप खोटं निघणार नाही. काखेला दोन्हीकडे आधी सहा-सहा टाके बंद कर, मग एक ओळ सोडून एक-एक कमी करत जा. तिथपर्यंत पोचलीस की इथे लिही, गळ्याचं पुढे सांगते.