आईच्या पायमशीनवर चामडं शिवता येईल का? आणि पावसातल्या बुरशीचं काय करायचं?

डिचोलीकर

नमस्कार मंडळी. मी डिचोलीत राहतो, नोकरी पणजीला, रात्री जेवणं झाली की चामड्याचं काम घेऊन बसतो, दीड वर्ष झालं आता. चार पाकिटं, दोन पट्टे आणि एक बॅग केली, सगळं हाताने. आता चवथीला आतेभावाला बॅग द्यायचीय आणि ऑफिसातल्या दोघांनाही हव्यात, पण पहिली बॅग शिवायला मला तीन आठवडे लागले म्हणून मशीनचा विचार चाललाय. घरी आईचं जुनं काळं पायमशीन आहे, त्यावर दीड एमएमचे दोन थर घालून बघितले तर पाच टाके बरोबर येतात मग दोन सुटतात, परत चार येतात, वरचा दोरा दोनदा तुटला. सुई १६ नंबरची, साधीच. आई म्हणते मशीनची वाट लावशील. खरंच खराब होईल का, की सुई बदलून भागेल? एकजण म्हापशातलं जुनं जुकी कंपनीचं शिलाई मशीन देतोय, सपाट टेबलाचं, म्हणतो यावर जीन्स शिवायचे म्हणजे चामडं पण जाईल. घेऊ का?

आणि दुसरं, जुलैत कपाटातनं माझी बॅग काढली तर पट्टा सगळा पांढरा, कापूस चिकटल्यासारखी बुरशी. मे महिन्यातच खोबरेल चोळून ठेवली होती तरी. आणि जिथे लोखंडी क्लॅम्प लावून शिवत होतो तिथे निळे-काळे डाग पडलेत, ते पुसून जात नाहीत. ती पण बुरशीच का?

सीटकव्हरवाला_म्हापसा

भाऊ आधी त्या जुकीवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगा. मी २२ वर्षं गाड्यांच्या सीट शिवतोय आणि सुरुवातीला मला पण एकाने हेच सांगून सपाट मशीन गळ्यात मारलं होतं, सहा महिने नुसता त्रास काढला. त्या मशीनमध्ये फक्त खालचे दात माल पुढे सरकवतात, वरचा पाय नुसता दाबून बसतो. कापड सरकतं, चामडं पायाला चिकटतं. मग खालचा थर पुढे जातो, वरचा मागे राहतो आणि बॅगेच्या टोकाला पोचेपर्यंत अर्धा सेंटीमीटर फरक पडलेला असतो, वर दातांचे ओरखडे उमटतात ते वेगळे, आणि चामड्यावरचा ओरखडा काही इस्त्रीने जात नाही. ही मशिनं मिनिटाला पाच हजार टाक्यांच्या हिशेबाने बनवलेली, शर्टाच्या कारखान्यासाठी. तुम्हाला तसला वेग नकोच आहे.

चामड्याला वॉकिंग फूट लागतं, त्यातही कंपाउंड फीड. सुई चामड्यात रुतलेली असतानाच सुई, आतला पाय आणि दात तिन्ही मिळून एक पाऊल पुढे जातात, त्यामुळे थर सरकायला वावच नाही. जुकीचं डीएनयू १५४१ त्याच जातीचं, दुसऱ्या कंपन्यांची पण त्या घडणीची मिळतात. जुनं घेतलंत तर मोटर बघा, क्लच मोटर असेल तर काढून सर्वो बसवा. क्लचवर पाय ठेवला की मशीन उधळतं, सर्वोवर एकेक टाका मोजून घेता येतो.

आता आईचं मशीन. ते खराब झालेलं नाही, टाके का सुटतात ते समजून घ्या. सुई तळाला जाऊन किंचित वर येते तेव्हा डोळ्यापाशी दोऱ्याचा छोटा फास सुटतो आणि खालचा दोरा अडकवणारं जे शटल फिरतं त्याचं टोक तो फास उचलतं. चामडं सुईला घट्ट धरून ठेवतं, सुई वर निघाली की चामडं पण तिच्याबरोबर उचललं जातं, फास होतच नाही आणि शटल रिकामं फिरून येतं. म्हणून लेदर सुई घ्या, तिचं टोक पात्यासारखं असतं, कापत जातं. १६ चालेल, १८ बरी. दुकानात घरगुती मशीनची लेदर सुई म्हणून मागा, वॉकिंग फूटची सुई लांब असते, ती तुमच्यात बसणार नाही. पायाचा दाब वाढवा, टाका साडेतीन-चार एमएमचा ठेवा, बारीक टाके घातले तर चामड्याला तिकिटासारखी छिद्रं पडून तिथूनच फाटतं. दोरा नायलॉन किंवा पॉलिएस्टर, ४० टिकिटचा, सुती नको, चामड्यात सुती दोरा कुजतो. टिकिट नंबर उलटा असतो बरं का, नंबर मोठा तितका दोरा बारीक, बॅगेचा जाड दोरा २० टिकिटचा तो आईच्या मशीनला झेपणार नाही. आणि तुमचे दीड-दीड मिळून तीन एमएम होतात, ते त्या मशीनला जास्तच आहे. एकूण दोनच्या वर जाऊ नका, कडा तासून घ्या. पॅडल न मारता आधी हाताने चाक फिरवून बघा, जोर लावावा लागला तर तिथेच थांबा. आई बरोबरच बोलते, जोर लावलात तर शटलचं टायमिंग, म्हणजे सुईशी असलेला मेळ, जातं.

फोंड्याची_शिवणारी

मी फक्त हाताने शिवते, आठ वर्षं झाली, त्यामुळे मशीनचं वरचे दादा सांगतायत ते ऐका, मी बुरशीचं सांगते कारण त्यात मी खूप माल घालवलाय. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली असते, त्यात तुम्ही खोबरेल चोळलंत म्हणजे बुरशीला जेवण वाढलंत. तेल नकोच असं नाही, पण वर्षातून एकदा, फडक्याला लागेल इतकंच, आणि पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मेमध्ये तेल लावून कपाटात बंद करणं म्हणजे आमंत्रणच. मी पहिल्या वर्षी सगळी पाकिटं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत सिलिकाच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या, पुड्या घालून ठेवली होती, वाटलं झालं काम, पण पुड्या आठवड्यात ओल्या झाल्या आणि मग आत ओल कोंडली, गणपतीला उघडलं तेव्हा वास असा आला की डबा अंगणात नेऊन ठेवला. आता सुती पिशवीत ठेवते, भिंतीपासून लांब, आत वर्तमानपत्राचे बोळे, आणि दर आठ दिवसांनी सगळं बाहेर काढून पंख्याखाली तासभर. पुड्या तव्यावर मंद गरम करून परत वापरते.

आलेली बुरशी घरात झटकू नका. तोंडाला मास्क लावून बाहेर नेऊन कोरड्या ब्रशने काढा, मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, फडकं पिळून घट्ट, पुसा आणि सावलीत वाळवा. उन्हात नको, चामडं कडक होऊन तडकतं. आधी आतल्या बाजूला कोपऱ्यात लावून बघा रंग जातो का.

आणि बॅगेला तीन आठवडे लागले त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दोन सुयांचा सॅडल टाका असतो ना, त्यात दोन्ही बाजूंचा दोरा प्रत्येक छिद्रातून जातो, एक दोरा झिजून तुटला तरी दुसरा धरून राहतो. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकवलेले असतात, एक तुटला की शिवण उसवत जाते. म्हणून बॅगेचं अंग मशीनवर घाला पण पट्टा जिथे जोडता तिथे हातानेच शिवा, सगळं वजन तिथे येतं. शिवायच्या लांबीच्या चौपट दोरा, ४ एमएमचं चिझल (छिद्रं पाडायचं दातेरी हत्यार), ०.८ एमएमचा मेण लावलेला दोरा. प्रत्येक छिद्रात तीच सुई आधी घाला, डावी तर डावी, हे चुकलं की टाके वाकडे दिसतात. तुमचे वाकडे येतात का ते लिहिलं नाहीत.

चोर्ल्यापलीकडचा

मी बेळगावचा, कामासाठी फोंड्याला येणं-जाणं असतं. ते निळे-काळे डाग बुरशीचे नाहीत. तुमचं चामडं झाडाच्या सालीत कमावलेलं असणार, व्हेज टॅन म्हणतात ते. आमच्या भागात कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात, त्यातला टॅनिन ओल्या लोखंडाला लागला की काळी शाई होते, अक्षरशः शाईच, पूर्वी लिहायची शाई अशीच बनवायचे. क्लॅम्पच्या जबड्याला चामड्याचा नाहीतर लाकडाचा तुकडा चिकटवा. डागावर लिंबाचा रस कापसाने हलका लावा, थोडा फिकट होईल, मग लगेच साध्या पाण्याने पुसून घ्या. आणि रिव्हेट लोखंडी वापरत असाल तर सोडा, पितळी घ्या.

गोव्याच्या खाऱ्या हवेत हत्यारं पण गंजतात. माझी रापी (चामडं कापायची सुरी) आणि आरी (छिद्र पाडायचा टोच्या) मी शिलाई मशीनच्या तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवतो. ऑनलाइन महागडे सेट बघून हुरळू नका, एक चांगली रापी जिला रोज चामड्याच्या पट्ट्यावर धार देता ती दहा हत्यारांचं काम करते, धार बोथट असली की जोर लागतो आणि जोर लागला की हात कापतो. खाली कडाप्प्याचा तुकडा टाका, फरशीवाल्याकडे पडलेले असतात, त्यावर प्लॅस्टिकचा कटिंग बोर्ड. कडा घोटायला वाण्याकडचा कतिरा डिंक रात्रभर भिजवून वापरा, तीन-चार दिवसांत वास मारतो म्हणून थोडाच करा. क्रोमच्या, म्हणजे सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांत कमावलेल्या, चामड्याची कड मात्र अशी घोटली जात नाही, ती दुमडून घ्यावी लागते.

डिचोलीकर

सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. जुकीवाल्याला नाही म्हटलं. लेदर सुई १८ नंबरची आणली, कडा तासून दोन थर पावणेदोन एमएमला आणले, चाक हाताने फिरवत शिवलं, एक हातभर शिवणीत एकही टाका सुटला नाही. आई शेजारी उभी राहून बघत होती. लिंबाने डाग तपकिरी झालेत, गेले नाहीत पण आता डोळ्यात खुपत नाहीत. ताई, टाके वाकडेच यायचे, मी कधी डावी कधी उजवी सुई आधी घालायचो, आज कळलं. आतेभावाची बॅग आईच्याच मशीनवर करतो, पट्टे हाताने. नंतर वॉकिंग फूटचं बघू.

सीटकव्हरवाला_म्हापसा

मस्त. वॉकिंग फूट घ्यायच्या आधी कुठेतरी चालतं मशीन बघून या, आणि जाताना तुमचंच चामडं आणि तुमचाच दोरा घेऊन जा, दुकानदार स्वतःच्या मऊ तुकड्यावर शिवून दाखवतो त्यावरून काही कळत नाही. चार थर घाला, मग दोनवर उतरा, परत चारवर चढा, त्या पायरीवर टाका लहान होतो का ते बघा. तिथे जे मशीन अडखळतं ते घेऊ नका.