घरचा ग्रुप : जर्सीला आलो की कुठल्या डायनरला जायचं?

मी: काका, तिकिटं झाली. आई, बाबा, आत्या आणि मी. १२ सप्टेंबरला नेवार्कला उतरतोय. एक विचारायचं होतं. मला तिथले जुने डायनर, म्हणजे रस्त्याकडेची छोटी हॉटेलं, बघायचीत. चकचकीत पत्र्याची, निऑनच्या पाटीची, फिरत्या स्टुलांची. सहा ठिकाणं शोधून ठेवलीत, यादी टाकतोय.

काका, एडिसन: यादी बघितली. सहातली चार नवीनच बांधलेली आहेत, जुनी वाटावीत अशी. तिथे जाऊ नकोस. तू अगदी बरोबर राज्यात येतो आहेस. जगाची डायनर राजधानी म्हणतात न्यू जर्सीला. तुम्हाला खरे दाखवतो.

आत्या, सांगली: अण्णा, खरं आणि खोटं कसं ओळखायचं? हॉटेल ते हॉटेल.

काका, एडिसन: अगं, खरा डायनर जागेवर बांधतच नाहीत. तो कारखान्यात तयार होतो. काउंटर, स्टुलं, शेगडी, टाइल्स, खिडक्या, सगळं आत बसवून ट्रेलरवरून किंवा रेल्वेने आणायचा, चौथऱ्यावर ठेवायचा, पाणी-गॅस-वीज जोडायची. आत शिरताना दाराच्या आसपास बघ, पुष्कळदा एक छोटा धातूचा बिल्ला असतो. कंपनीचं नाव आणि कधीकधी नंबरही.

आई: म्हणजे रेल्वेचा जुना डबा आणून ठेवतात का? मी तसंच ऐकलं होतं.

काका, एडिसन: वहिनी, इथल्या लोकांनाही तसंच वाटतं. ट्रामचे भंगारातले डबे काहींनी वापरले हे खरं, पण त्याने धंद्याचं नाव खराब झालं. मूळ गोष्ट घोडागाडीची आहे. १८७२ साली ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स गावात वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने गाडीवर सँडविच, पाय (सारण भरून भाजलेला पदार्थ), कॉफी विकायला सुरुवात केली. उभा कुठे राहायचा, तर वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर, रात्री. बाकी सगळी हॉटेलं संध्याकाळी बंद व्हायची आणि छापखान्यातल्या रात्रपाळीच्या लोकांना भूक लागायची मध्यरात्री. पुढे १८८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला सॅम्युएल जोन्सने अशी गाडी केली की गिऱ्हाइकाला आत येऊन उभं राहता येईल, पावसात भिजायला नको. गाड्या वाढल्या तशी गावांनी वेळेची बंधनं घातली, सकाळी रस्ता मोकळा करा म्हणून. मग मालकांनी छोट्या जागा भाड्याने घेतल्या आणि गाडी तिथेच कायमची उभी केली. कारखानदारांनी तिला रेल्वेच्या जेवणाच्या डब्यासारखं रूप दिलं, त्यावरून नाव पडलं डायनर.

काका, एडिसन: आणि एक राहिलं. रस्त्यावरून न्यायचा म्हणून रुंदीला मर्यादा. त्यामुळे आत सगळं लांबट. एका अंगाला काउंटर, मागे शेगडी, मध्ये अरुंद वाट, खिडकीकडे बाकं. स्वयंपाकी समोरच उभा. तुमचं अंडं फुटताना तुम्हाला दिसतं. मला तीच गोष्ट सगळ्यात आवडते. पैसे मोजून खातोय त्याच्यासमोर काही लपवलेलं नाही.

बाबा: अरे, पण न्यू जर्सीच का?

काका, एडिसन: दादा, बनवणारे इथेच होते. जेरी ओमाहोनीची कंपनी इथली, कुलमन इथली, फोडेरो, पॅरामाउंट इथल्याच. आणि न्यूयॉर्क ते फिलाडेल्फिया सगळी वाहतूक आमच्या अंगणातून. रस्त्याला कारखाने, तीन पाळ्या, ट्रकवाले. हप्त्यावर डायनर मिळायचा, त्यामुळे हातात फार भांडवल नसलेला माणूसही मालक होऊ शकायचा. नंतरच्या काळात ते बहुतेक ग्रीक लोकांनी चालवले. आधी भांडी घासली, मग शेगडीवर उभे राहिले, मग भावाला बोलावून घेतलं, मग स्वतःचा घेतला.

ताई, शिकागो: काका, पॅटर्सनचं सांगा ना त्यांना. मला सांगितलं होतं तुम्ही.

काका, एडिसन: सांगतो. जरा मोठं होईल, लिहून टाकतो.

काका, एडिसन: मी १९७४ मध्ये आलो तेव्हा पॅटर्सनला एका डाय हाउसमध्ये लागलो, कापड रंगवण्याच्या कारखान्यात. इचलकरंजीला जे शिकलो तेच काम. पॅटर्सनला सिल्क सिटी म्हणतात, एकेकाळी रेशमाच्या गिरण्या होत्या म्हणून. तिथली पॅटर्सन व्हेइकल कंपनी डायनर बनवायची, आणि त्यांचं नावही सिल्क सिटीच. माझ्या वेळी ते काम बंद झालेलं होतं, पण त्यांचे डबे रस्त्यांवर होते. पहिला डिसेंबर. रात्रपाळी साडेअकराला सुटली, बर्फ पडत होतं, शेवटची बस गेली. चालत निघालो. बूट साधे, पुण्याहून घेतलेले. वाटेत एकच उजेड, निऑनची पाटी. आत गेलो. काचेवर वाफ धरली होती, बाहेरचं काही दिसत नव्हतं. काउंटरवर दोन ट्रकवाले, एक पोलीस. मी टोकाच्या स्टुलावर बसलो. बाईने न विचारता जाड पांढऱ्या कपात कॉफी ओतली. मेनू उघडला तर पानंच्या पानं, आणि मला त्यातलं काय खाता येईल तेच कळेना. मांस नको म्हटलं. मासा? नको. तिने मेनू माझ्या हातातून घेतला आणि आत वळली. ग्रिल्ड चीज आणलं, तव्यावर लोण्यात भाजलेलं, आत टोमॅटोची चकती. शेजारी काकडीचं लोणचं. ते खाल्लं. मग तिने न सांगता एक काचेचा उभा पेला समोर ठेवला. वर दालचिनीची पूड. चमचा घातला तर भात. दूध, साखर, भात. अगं, आपली खीर. गार. मी घर सोडल्यापासून चार महिन्यांत गोड खाल्लं नव्हतं. मला पुढचा घास जाईना. ती बाई फडक्याने काउंटर पुसत होती, तिने काही विचारलं नाही, फक्त कप पुन्हा भरला.

आत्या, सांगली: अण्णा, पन्नास वर्षांत हे कधी बोलला नाहीस.

काका, एडिसन: आईला पत्रात काय लिहिणार? ती रडत बसली असती.

काकू, एडिसन: मी १९७७ ला आले. पहिल्याच आठवड्यात मला तिथेच घेऊन गेले हे. मला वाटलं, नवीन बायकोला कुठे आणलं! पण नंतर मंडळाचं नाटक संपलं की रात्री बारा-साडेबाराला आम्ही सगळे तिथेच. अकरा-बारा जण, बायका नऊवारीत, डोक्यात गजरे, आणि बाजूला ट्रकवाले. कुणी वळूनसुद्धा बघायचं नाही. पोरं बाकावरच झोपायची. त्या वेळी उघडं असं दुसरं काहीच नसायचं आणि आपली हॉटेलंही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

आई: पण मला विचारायचंच होतं. सगळ्यांना आत घ्यायचे का? रंगावरून काही त्रास?

काका, एडिसन: वहिनी, मी आलो तेव्हा १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा होऊन दहा वर्षं झाली होती. आम्हाला आयतं मिळालं. त्याच्या आधी काळ्या लोकांना दक्षिणेत काउंटरवर बसू देत नव्हते, आणि उत्तरेतही रस्त्यावरच्या कितीतरी ठिकाणी नकार मिळायचा. व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाचा हार्लेममधला पोस्टमन होता. कुठे जेवायला मिळेल, कुठे झोपायला मिळेल, याची मार्गदर्शिका त्याने १९३६ पासून काढली. गाडी घेऊन बाहेर पडणारी कुटुंबं ती जवळ ठेवायची. १ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावात चार कॉलेजची मुलं वुलवर्थ दुकानाच्या काउंटरवर बसली आणि कॉफी मागितली. दिली नाही. ती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी आणखी मुलं आली. जुलैच्या २५ तारखेला त्या काउंटरवर काळ्या माणसांना वाढलं. त्या काउंटरचा एक तुकडा, चार स्टुलांसकट, वॉशिंग्टनच्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात ठेवलाय. आपण वॉशिंग्टनला जाणारच आहोत. विमानांचं संग्रहालय राहिलं तरी चालेल, हे बघायचं.

बाबा: बघायचंच.

मी: काका, रूट ६६ या जुन्या हायवेचं काय? यंदा शंभर वर्षं होतायत ना, २०२६?

ताई, शिकागो: होतायत. ११ नोव्हेंबर १९२६ चा आहे तो. पण २४४८ मैल आहे रे, शिकागो ते सांता मोनिका, आठ राज्यं. पाच दिवसांत उरकायची गोष्ट नाही ती. १९५६ नंतर इंटरस्टेट हायवे आले, ते गावांना वळसा घालून गेले, आणि गावातली हॉटेलं गिऱ्हाइकावाचून बसली. १९८५ मध्ये त्या रस्त्याचा नंबरच काढून टाकला. तू माझ्याकडे ये, सुरुवात तरी दाखवते. युनियन स्टेशनजवळ लू मिचेल्स आहे, १९२३ पासूनचं. रांगेत उभं असतानाच डोनटचे छोटे गोळे हातात देतात. ऑम्लेट ज्या तव्यात होतं त्याच तव्यात समोर येतं. तिथून दिवसभरात स्प्रिंगफील्डला जाऊन कोझी डॉग खाऊन परत येता येईल. काडीला लावलेलं सॉसेज, मक्याच्या पिठात तळलेलं. आत्यासाठी नाही ते.

आत्या, सांगली: माझं काय मग? मी जर्सीत तरी काय खाणार?

काका, एडिसन: नीट ऐक, कारण मी यात फसलोय. एका डायनरमध्ये मशरूमचं सूप म्हणून दोन वर्षं आनंदाने पीत होतो. एक दिवस सहज विचारलं तर कळलं, कोंबडीच्या पाण्यात करतात. विचारलं नव्हतं ही चूक माझी, पण वाईट वाटलं. तेव्हापासून तोंड उघडून विचारतो. सूप नको. बटाट्याचे होम फ्राइज आणि हॅश ब्राउन त्याच तव्यावर होतात जिथे बेकन होतं, तेव्हा तेही नको. डिस्को फ्राइज म्हणून जर्सीची खासियत आहे, बटाट्यावर चीज आणि तपकिरी रस्सा, तो रस्सा मांसाचा असतो. ग्रिल्ड चीज आणि पॅनकेक घेऊ, पण तवा आधी पुसून घ्यायला सांगायचं. सांगितलं तर करतात. ग्रीक मालक असेल तर पालक आणि चीजचा थरांचा पाय मिळतो. पाय फळांचे मागव, काचेच्या कपाटात ठेवलेले असतात. कवचात कधी डुकराची चरबी असते, तेही विचारायचं. अंडं तुला चालत नाही, म्हणजे पॅनकेकही गेले बघ, माझ्या लक्षातच आलं नाही. ग्रिल्ड चीज, टोस्ट, फळं आणि खीर. खिरीतही कुणी कुणी अंडं घालतं. मी विचारीन, तू काळजी करू नकोस.

आत्या, सांगली: बरं.

काका, एडिसन: आणि तू (पुण्याचा) खातोस म्हणून सांगतो. टेलर हॅम, अंडं आणि चीज, गोल पावात. ट्रेंटनच्या जॉन टेलरने १८५६ मध्ये काढलेला डुकराच्या मांसाचा प्रकार. आमच्या उत्तर भागात टेलर हॅम म्हण, दक्षिणेत गेलास तर पोर्क रोल. लोक यावरून खरोखर वाद घालतात.

मी: चालेल! मग जायचं कुठे?

काका, एडिसन: पहिला समिट डायनर. १९३८ चा ओमाहोनीचा डबा, समिट गावच्या स्टेशनसमोर. आत लाकूड आहे, सगळं स्टील नाही. स्टील नंतर आलं. तिथे काउंटरवर बसायचं. दुसरा जर्सी सिटीचा व्हाइट माना, १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मांडलेला आणि १९४६ ला इथे आणलेला. आत काउंटर गोलाकार आहे, मधला माणूस जागेवरून फारसा न हलता सगळं करतो. तिथे छोटे बर्गर, म्हणून आपण फक्त बघायचं आणि कॉफी घ्यायची. तिथून आपल्या लोकांच्या नेवार्क अव्हेन्यूला जेवायला. तिसरा क्लिफ्टनचा टिक टॉक, रूट ३ वर. तो रात्रीच, कारण पाटी रात्री बघायची.

ताई, शिकागो: काका, वुस्टर आणि ऱ्होड आयलंडमधलं पॉटकेटपण करा ना.

काका, एडिसन: गाडीने चार तास आहेत, पण दादाची कंबर साथ देणार असेल तर करू. वुस्टर लंच कार कंपनीने १९०६ ते १९५७ मध्ये ६५१ डायनर बनवले. बाहेरून इनॅमलचे पत्रे, त्यावर रंगीत अक्षरं. कारखान्याच्या समोरच त्यांचा मिस वुस्टर उभा आहे. आणि पॉटकेटचा मॉडर्न डायनर आगगाडीच्या इंजिनासारखा, तोंड निमुळतं. १९७८ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत नाव लागलेला पहिला डायनर तोच.

बाबा: कंबर साथ देईल. थांबत थांबत चला.

काकू, एडिसन: दादा, औषधं आणि पट्टा आठवणीने आणा. आणि सगळ्यांना सांगते, बिलावर १८ ते २० टक्के टिप ठेवायची. त्या बायकांचं घर त्यावर चालतं. कॉफी पुन्हापुन्हा भरतात, त्याचे पैसे लावत नाहीत, पण म्हणून तीन तास जागा अडवायची नाही. सकाळी गर्दी असते.

आत्या, सांगली: अण्णा, मला तो खिरीचा डायनर बघायचाय. तो आहे का अजून?

काका, एडिसन: नाही गं. १९८९ मध्ये गेला. मालकाला जागा विकायची होती, औषधाचं दुकान येणार होतं. मी आणि तुझी वहिनी बघायला गेलो होतो. चौथऱ्यापासून सोडवला, खाली पोलादी तुळया घातल्या आणि अख्खा उचलून ट्रेलरवर ठेवला. खिडक्यांच्या काचासुद्धा फुटल्या नाहीत. पेनसिल्व्हेनियात कुणीतरी विकत घेतला होता. ट्रेलर हलला तेव्हा रस्त्यावरचे लोक टाळ्या वाजवत होते. मागे फक्त कोरड्या मातीचा एक लांबट चौकोन राहिला आणि चार पाइप वर आलेले.

आत्या, सांगली: म्हणजे तो कुठेतरी असेल.

काका, एडिसन: असेल. आता चोवीस तास उघडे असणारेही कमी राहिलेत, करोनानंतर तर फारच. म्हणून म्हणतो, शनिवारी सकाळी सातला निघू, समिटला. तू माझ्या शेजारी, काउंटरवर. बाकीच्यांनी बाकावर बसलं तरी चालेल.